कागदावरचा ओढा

सांबराच्या शिकारीला वाटाड्या घेऊन जावं की आपलं आपण जावं, या एका प्रश्नावर मी अख्खा हिवाळा ऐकून काढला आहे. शिकारीशी माझा काडीचा संबंध नव्हता. मी अकोले गावच्या शाळेत भूगोल शिकवायला आलेला सडाफटिंग मास्तर. पण ज्यांच्या घरात मी खोली घेतली होती ते अण्णा मोजणी खात्यातून निवृत्त झालेले होते, त्यांच्याकडे एक दुनळी बंदूक होती, त्या साली त्यांना एका सांबराचा परवाना मिळाला होता, आणि संध्याकाळी ओट्यावर बसून ऐकून घेणारं माणूस म्हणून मी आयताच हाती लागलो होतो.

ही एकाहत्तर सालच्या आसपासची गोष्ट. शिकार कायमची बंद होणार, दिल्लीत कायदा होतोय, अशी कुणकुण तेव्हा अकोल्यापर्यंत आली होती. त्यामुळे पुण्या-नाशकाच्या हौशी लोकांच्या जीपगाड्या राजूरच्या बाजूला जास्तच धावायला लागल्या होत्या. तिकडे डोंगरातल्या एका वाडीत बुधा नावाचा वाटाड्या होता. त्याच्याकडे जायचं, तो सांगेल त्या दगडाआड बसायचं, तो खुणावेल तेव्हा घोडा ओढायचा. सकाळी गेलेली जीप संध्याकाळी शिंगं घेऊन परत यायची. वाडीचा रिवाजही ठरलेला होता. मुंडकं आणि शिंगं बंदूकवाल्याची, एक फरा, म्हणजे अख्खी तंगडी, वाटाड्याचा, आणि उरलेल्या मटणाचा वाटा वाडीतल्या प्रत्येक घराला, मग त्या घरात एकटी म्हातारी का असेना.

अण्णा या जीपवाल्यांना शिकारी म्हणायलाच तयार नव्हते.

"सांबर शोधलं बुधानं. वारा बघितला बुधानं. दगडाआड बसवलं बुधानं. मग ह्यांनी काय केलं?"

"नेम धरला," मी म्हणायचो.

"पन्नास पावलांवरून? तेवढं आमची ही लाटण्यानंसुद्धा करेल."

'ही' म्हणजे काकू. त्या आतून म्हणायच्या, "सांबराचं ठाऊक नाही, पण लाटणं कुणावर चालवायचं ते माझं ठरलेलं आहे."

मी मुद्दाम वाटाड्याची बाजू घ्यायचो. जखमी जनावर कारवीच्या रानात शिरलं तर माग कोण काढणार? कडा आडवा आला तर? पाणी संपलं तर? अण्णांकडे प्रत्येक प्रश्नाला होकायंत्र हे एकच उत्तर होतं. मी फारच ताणलं की ते उठून लोखंडी पेटी उघडायचे आणि कापडावर चिकटवलेला एक पिवळा पडलेला नकाशा माझ्यासमोर पसरायचे.

"हा डोंगर कुणी मोजला?"

"तुम्ही."

"मग वाटाड्या कुणाला लागतो?"

"मला," मी म्हणायचो. मग ते नकाशाची घडी घालून आत जायचे आणि अर्धा तास माझ्याशी बोलायचे नाहीत.

इंग्रजी अमलात, नोकरीच्या अगदी सुरुवातीला, राखीव जंगलाची हद्द आखायला ते त्या डोंगरात एक अख्खा उन्हाळा राहिले होते. त्या हद्दीचा प्रत्येक दगड त्यांनी उभा राहून बसवून घेतला होता. आपण मोजलेल्या डोंगरात दुसऱ्याच्या मागून चालायचं म्हणजे आपलं काम कच्चं होतं असं कबूल करायचं, असा त्यांचा सरळ हिशेब होता. सांबर मिळालं नाही तरी चालणार होतं. आपला नकाशा आपल्याला बिनचूक पाणवठ्यापर्यंत नेतो की नाही, एवढंच त्यांना मरायच्या आत बघायचं होतं. हे त्यांनी मला एकदा सरळ बोलून दाखवलं, आणि तेव्हापासून मी चेष्टा जरा जपून करायला लागलो.

तसा मोजणीचा रोग त्यांच्या अंगात पार मुरला होता. घरापासून शाळेपर्यंत पावलं सहाशे चाळीस. मी यायला उशीर केला की ते म्हणायचे, "आज साडेसातशे झाली असतील. चहाच्या हॉटेलाकडून वळलात." आणि मी वळलेलो असायचो. घरात डावं-उजवं, पुढं-मागं हे शब्द चालत नसत. "चटणी उत्तरेला सरकवा," "वायव्येचा दिवा गेलाय," असं बोलणं. पहिल्या दिवशी जेवताना त्यांनी मला सांगितलं, "मास्तर, पूर्वेच्या वाटीतलं वरण घ्या," आणि मी, भूगोलाचा शिक्षक, ताटाभोवती सूर्य शोधत बसलो. काकूंनी गुपचूप वाटी पुढे ढकलली. त्या घरात आल्यापासून त्यांना स्वयंपाकघराच्या आठही दिशा पाठ झाल्या होत्या. माहेरी गेल्यावरही त्या भावजयीला मिठाचा डबा ईशान्येला ठेव म्हणून सांगत आणि भावजय तोंडाला पदर लावून हसे.

अण्णांनी कधी कुणाला वाट विचारली नाही. एसटीच्या फलाटावरसुद्धा नाही. गाडी कुठली हे ते ड्रायव्हरच्या तोंडाच्या दिशेवरून ठरवत. एकदा भाचीच्या लग्नाला जामखेडला गेले. वेशीपासून नैऋत्येला अमुक पावलं, असं मेव्हण्याच्या पत्रातल्या वर्णनावरून त्यांनी काढलं होतं. त्या हिशेबानं ते एका मांडवात शिरले, अक्षता टाकल्या, आहेर केला, पंगतीत बसून जिलबीचा आग्रहही सोसला. बरोबर काकू होत्या. त्यांना मांडवात पाऊल ठेवताक्षणी कळलं होतं की यात आपलं एक माणूस नाही.

"मग तुम्ही बोलला का नाहीत?" मी काकूंना विचारलं.

"बोलले की. मला म्हणाले, तुला विचारलंय का? मग मीही म्हटलं, जेवून घ्यावं."

भाचीचं लग्न पलीकडच्या गल्लीत लागून गेलं होतं. या प्रकाराबद्दल अण्णांचं मत शेवटपर्यंत एकच राहिलं. मांडव चुकीच्या जागी घातला होता.

हा माणूस आपण चुकलो असं कधीच म्हणणार नाही का, याचं मला तेव्हा खरोखर कुतूहल होतं. माझे वडील पावलोपावली 'माझंच चुकलं' म्हणणारे. त्यामुळे एवढी खात्री घेऊन जगताना आतून कसं वाटत असेल, हे जवळून बघावं अशी मला ओढ होती. अण्णा शिकारीला एकटे निघाले तेव्हा मी बरोबर येऊ का म्हणून विचारलं ते त्यापायी. ते म्हणाले, "या. पण वाटाड्या म्हणून नाही."

"मला शाळेची वाट धड सापडत नाही," मी म्हणालो. हे उत्तर त्यांना आवडलं.

संक्रांत होऊन गेली होती. पहिल्या एसटीनं राजूर, तिथून पुढे एका मालाच्या ट्रकनं, आणि मग चालत. वाडी आम्ही बाजूला टाकली, कारण वाडीतून गेलो असतो तर बुधाचं घर लागलं असतं. अण्णांच्या खांद्याला बंदूक, गळ्यात होकायंत्र, हातात नकाशा. माझ्याकडे भाकरी, ठेचा आणि पाण्याची एक पिशवी. नकाशात राखीव जंगलाच्या हद्दीवर एक ओढा होता. त्याला जानेवारीतही डोह असतात आणि उन्हं कलली की सांबरं तिथं उतरतात, असं जीपवाल्यांकडून कळलेलं होतं. तेवढी माहिती मात्र अण्णांनी घेतली होती. ती वाट विचारण्यात धरायची नाही, असं ते म्हणाले.

दोन तास त्यांचा नकाशा देवासारखा खरा ठरला. आंब्याचं झाड म्हटलं की आंब्याचं झाड, खिंड म्हटली की खिंड. चुन्याचा पुसट डाग असलेला हद्दीचा पहिला दगड सापडला तेव्हा त्यांनी त्यावरून हात फिरवला. मला बरं वाटलं. म्हाताऱ्याची हिवाळाभराची बडबड खरी निघत होती.

मग आम्ही ओढ्याला आलो आणि ओढ्यात पाणी नव्हतं. डोह नाही, ओल नाही, साधं शेवाळ नाही. नुसती रुंद, कोरडी, दगडगोट्यांची घळ.

"यंदा पाऊस कमी," अण्णा म्हणाले.

"ओढाच दुसरा असेल तर?"

"दगड बघा. दगड इथं आहे म्हणजे ओढा हाच. पाणी वर असेल."

आम्ही घळीतून वर चढलो. वर कडा होता. खाली उतरलो. खाली कारवी होती. पुन्हा वर. पाण्याची पिशवी संपली. दुपार टळली. सांबराच्या खुरांचे ठसे जागोजाग होते, आणि सगळे ठसे घळ ओलांडून पलीकडच्या उंचवट्याकडे जात होते. मी ते दाखवले. अण्णा म्हणाले, "जनावरांना हद्द कळत नाही." त्यांच्या ओठांना पांढरी साय धरली होती. मला भीती वाटायला लागली. एकसष्ट वर्षांचा माणूस होता तो.

तिसऱ्यांदा त्याच दगडापाशी आलो तेव्हा उंचवट्यावर एक माणूस उकिडवा बसलेला दिसला. लंगोटी, डोक्याला मळकं फडकं, कमरेला कोयता. बराच वेळ बसला असावा, कारण शेजारी चिलीम विझून पडली होती. मी हाक मारणार होतो. अण्णांनी हातानं मला थांबवलं. त्यांनी हातातल्या नकाशाची घडी घातली. मग त्यांनी मान वर केली आणि घोगऱ्या आवाजात विचारलं, "ओढा कुठं आहे?"

तो माणूस उठून उभा राहिला. "कंचा, सायेब? कागदावर हाय त्यो, का पानी वाहतंय त्यो?"

हाच बुधा. त्यानं आम्हाला उंचवट्यावरून पलीकडे नेलं. शंभर पावलंही नसतील. पलीकडे उंबरांची रांग होती आणि उंबरांखाली डोहांमागून डोह, स्वच्छ पाण्याचे. आम्ही ओंजळीनं पाणी प्यायलो. पोट भरल्यावर मी मागं वळून बघितलं. कोरडी घळ आणि हा ओढा यांच्यामध्ये एक लांबरुंद उतार पसरलेला होता. गवत आणि कारवी माजली होती, पण गवताखाली दगडी बांध एकामागून एक स्पष्ट कळत होते. कुणीतरी कधीकाळी फार मेहनतीनं रचलेले.

"हे कुणाचं?" मी विचारलं.

"आमचं वावर हुतं. माज्या आज्यानं बांध घातल्याले. नागली, वरई व्हायची. आता जंगल हाय," बुधाबाबा म्हणाले. वय जवळून दिसल्यावर मला त्यांना नुसतं बुधा म्हणवेना. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, हवापाण्याचं सांगावं तसं ते सांगत होते. "हद्द वढ्यावरनं जायाची हुती. येशाखात मोजनी झाली. येशाखात दोन्ही कोरडे. सायबांनी रुंद बगून त्यो वढा धरला. पन वढा रुंदीवरनं न्हाई वळखायचा, उंबरावरनं वळखायचा. त्या घळीला एक उंबर न्हाई."

अण्णा डोहाच्या काठावर बसले होते. त्यांनी विचारलं, "तुला कसं माहीत मोजणी कशी झाली?"

"मोजनीच्या साखळीचं दुसरं टोक माज्या हातात हुतं, सायेब. तुमी वळखलं न्हाई, पन मी सकाळीच वळखलं. चालनं त्येच हाय, मोजत मोजत."

"तेव्हा बोलला नाहीस?"

"बोल्लो की. सायेब, वढा पल्याड हाय म्हनलं. तुमी म्हनला, तुला इचारलंय का, साखळी तान."

"मला आठवत नाही," अण्णा म्हणाले.

बुधाबाबांनी मान हलवली. म्हणाले, "लई वर्सं झाली." मग वावर गेल्यावर काय केलं, असं मी विचारलं. प्रश्न तोंडातून गेल्यावर मला लाज वाटली. पण ते सांगत होते. नांगर घातला की गार्ड यायचा आणि कागद दाखवायचा. तलाठ्याकडे गेले, तिथंही तोच कागद. मग रान ठाऊक होतं म्हणून शिकाऱ्यांना हिंडवायला लागले. "वावर आसतं तर कशाला हिंडलो आसतो लोकांम्होरं? आता त्येबी बंद हुनार म्हनत्यात."

मी सबंध हिवाळा ज्या वाटाड्याच्या बाजूनं वाद घातला होता, तो वाटाड्या का झाला हे मला तेव्हा कळलं. आणि ज्यांनी तो वाटाड्या घ्यायचा नाही म्हणून हट्ट धरला होता, त्यांनीच त्याला त्या धंद्याला लावलं होतं. मला अण्णांच्या तोंडाकडे बघवेना.

तेवढ्यात बुधाबाबांनी माझा दंड दाबला. वावराच्या वरच्या अंगाला, चौथ्या बांधावर, एक नर उभा होता. शिंगं रुंद, अंग काळपट, मान भरलेली. वारा आमच्याकडे होता. ते ओठ न हलवता म्हणाले, "सायेब, त्यो बगा."

अण्णांनी बंदूक हातात घेतली. पण ती वर उचलली नाही. त्यांची नजर सांबरावरून खाली आली, एकेका बांधावरून उतरत डोहापर्यंत, आणि पुन्हा वर गेली.

"किती असेल?" त्यांनी विचारलं.

"पन्नास पावलं," बुधाबाबा पुटपुटले. "मारा."

"सांबर नाही रे. वावर."

ते मोठ्यानं बोलले. सांबरानं मान उडवली आणि दोन ढांगांत ते कारवीत दिसेनासं झालं. बुधाबाबांनी कपाळावर हात मारला. शिकाऱ्याच्या हातचं असं जनावर त्यांनी कधी जाताना बघितलं नसावं. अण्णा उठले, बंदूक माझ्याकडे दिली आणि गवतातून बांधाबांधानं चालायला लागले. ओठ हलत होते. अंधार पडायच्या आत त्यांनी चारही बाजू चालून काढल्या, आणि मग आम्ही वाडीकडे उतरलो.

त्या वर्षी परवाना तसाच संपला. अण्णा ओट्यावर बसेनासे झाले. आत कंदिलाखाली हद्द दुरुस्त करण्याचे अर्ज लिहीत असायचे. जुन्या सहकाऱ्यांनी सल्ला दिला की आता कशाला उकरून काढता, निवृत्त माणूस, नाव खराब होईल, आणि त्या डोंगरात बघायला कोण जातंय? काकूंनी मात्र एकदा मला स्वयंपाकघरात बोलावून विचारलं, "मास्तर, त्या डोंगरात ह्यांना काय झालं?" मी सगळं सांगितलं. त्यांनी लाटणं खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "जामखेडला मी बोलायला हवं होतं मोठ्यानं." याचा संबंध काय, ते मी विचारलं नाही.

पुढे शिकार बंद झाली, जीपा यायच्या थांबल्या. वावर बुधाबाबांच्या नावावर चढलं ते मी बदली होऊन गेल्यानंतर, आणि ते काकूंनी कार्ड टाकून कळवलं. पण मला आठवते ती सुनावणी, कारण त्या दिवशी मी शाळेतून रजा काढून गेलो होतो.

वरच्या कचेरीतली छोटी खोली. टेबलामागे तरुण अधिकारी, बाजूला लिहिणारा कारकून, समोरच्या बाकावर धुतलेलं धोतर नेसून आलेले बुधाबाबा आणि त्यांच्या शेजारी ताठ बसलेले अण्णा. अधिकाऱ्यानं जुनं दप्तर चाळून बघितलं होतं. तो माणूस वाईट नव्हता, कागदाप्रमाणे चालणारा होता. म्हणाला, "जागेवर ओढा दुसरा आहे हे आम्ही बघून आलो. पण मोजणीच्या वेळी कुणीच हरकत घेतलेली नाही. इथं स्पष्ट लिहिलंय, हरकत नाही. सही तुमचीच आहे. मग आज पस्तीस वर्षांनी ही हद्द हलवायची कशाच्या आधारावर?"

एवढं काम एका ओळीवर अडलं होतं, आणि ती ओळ अण्णांच्याच वळणदार अक्षरातली होती.

बुधाबाबा चुळबुळ करत उभे राहिले. त्यांनी हात जोडले. अण्णांकडे बघून, जणू त्यांना सांभाळून घेत, ते म्हणाले, "मी बोल्लो हुतो, रावसायेब. पन मी लई हळू बोल्लो हुतो. सायबांस्नी ऐकू गेलं नसंल. त्यांची चूक न्हाई."

अण्णा उठले.

"तो हळू बोलला नव्हता," ते म्हणाले. "मला नीट ऐकू आलं होतं. त्या दिवसापासून आजपर्यंत मला ते आठवतंय. लिहून घ्या."